नऊ डोकी, आठ नावं

विमानाला घाबरणारी दोन माणसं आमच्या विमानतळावर नोकरीला होती. त्यातला एक मी आणि दुसऱ्या चांगुणाबाई घरत. फरक एवढाच की मी माझी भीती टायखाली झाकून हिंडायचो आणि त्या आपली भीती उघड्यावर घेऊन फिरायच्या, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घ्यावी तशी. वास लपायचा प्रश्नच नाही.

माझी ओळख दोन वाक्यांत उरकतो. राहणार पनवेल. बावीस वर्षं जासईच्या एका यार्डात न्हावा शेव्याहून येणारे कंटेनर मोजले. मग पन्नाशीला टेकलो आणि शेजारी विमानतळ झाला. बायको म्हणाली, "आयुष्यभर लोखंडी डबे मोजलेत, आता जरा उडणारं काहीतरी मोजा." तिचं ऐकलं. स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीला माणसं पुरवणारा एक ठेकेदार होता, त्याच्याकडे लागलो. कुठली कंपनी ते विचारू नका. मी भित्रा आहे हे पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय.

माझं काम असं होतं. विमान उतरून पुन्हा निघेपर्यंत खाली जी माणसं राबतात, ती शेवटी मोजायची. आकडा जुळला की फॉर्मवर सही करायची आणि वॉकीवर सांगायचं, "खाली मोकळं." मग विमान हलायचं. माझ्या दोन शब्दांवर एवढं मोठं विमान हलतं, या कल्पनेने पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक डोकं दोनदा मोजायचो.

स्वस्त विमानाचं गणित शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं आहे. विमान आकाशात असलं की कमावतं, जमिनीवर उभं राहिलं की खातं. म्हणून ते उभं राहूच द्यायचं नाही. मी लागलो तेव्हा पस्तीस मिनिटं मिळत, मग तीस झाली, मग पंचवीस. तेवढ्या वेळात दोनशे माणसं उतरवायची, त्यांचा कचरा काढायचा, पोटातल्या बॅगा हातांनी उपसून नव्या भरायच्या आणि नवी दोनशे चढवायची. त्या विमानात पाणी विकत, चहा विकत, खिडकी विकत. फुकट काय ती फक्त घाई, आणि ती सगळी आमच्या वाट्याला.

चांगुणाबाई विमान आतून झाडणाऱ्या पाच बायकांच्या मुकादम. पंचावन्नच्या पुढे वय, उंची जेमतेम, आणि आवाज असा की विमानाच्या शेपटाकडून बोलल्या तरी वैमानिकाने टोपी सावरावी. नऊवारी सोडून त्यांना कंपनीची पँट घालावी लागली होती. त्या पँटीचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही आणि आम्हीही केला नाही.

विमानात शिरण्याची त्यांची एक पद्धत होती. शिडी चढायच्या, दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावायच्या आणि उजवा पाय आधी टाकायच्या. होडीत चढताना करतात तसं. दिवसाला सात विमानं, सातही वेळा. आत गेल्यावर दोनशे सीट झाडायच्या, पण एकीवरही टेकायच्या नाहीत. एकदा कंबर धरलेली दिसली म्हणून मी म्हटलं, "बसा की दोन मिनिटं."

"नाय बा. मी बसले नि उडाला तर?"

"अहो, वैमानिक खाली उतरलाय."

"त्याचा काय भरवसा? चढंल परत."

मी हसलो, पण खरं सांगतो, त्या दिवसापासून मीही कधी बसलो नाही.

त्यांचं जुनं गाव विमानतळात गेलं होतं. त्याबद्दल रडगाणं गायलेलं मी ऐकलं नाही, पण गाव त्यांनी सोडलंही नव्हतं. विमानं उभी करायच्या जागांना कंपनीने नंबर दिलेले. चांगुणाबाईंना नंबर मंजूर नव्हते. एका नंबराला त्या 'गोमाआजीचा आगर' म्हणायच्या, पलीकडच्याला 'उंबराखाली', आणि अगदी टोकाला जिथे परदेशी पाहुणं विमान उभं राही, तिथे चांगुणाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी गावाची म्हैस बुडाली होती. वॉकीवर आवाज यायचा, "सायेब, म्हशीवरचा विमान झाला. उंबराखाली चाललो." आणि आमचे स्टेशन मॅनेजर कुणाल सर माझ्याकडे बघायचे. कुणाल सर वयाने माझ्या स्कूटरपेक्षा लहान. मला 'काका' म्हणत आणि ते इतक्या प्रेमाने म्हणत की माझ्या पाठीतून शिरशिरी जाई. त्यांच्या हातात कायम फोन आणि फोनवर कायम घड्याळ पळत असलेलं.

विमानात बसलेल्या प्रवाशांना चांगुणाबाईंनी कधी पाहिलं नाही, पण त्या त्यांना कचऱ्यावरून ओळखत. "या सीटवर नवराबायको भांडलेत," म्हणत. "कशावरून?" तर, वडा दोघांत एकच घेतलेला आणि अर्धा तसाच टाकलेला. एकदा पुढच्या सीटच्या कप्प्यात त्यांना कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी सापडली. नियम असा की पिशवीत घालायची, चिठ्ठी लावायची, ऑफिसात द्यायची, आणि मालकाने चार दिवसांनी अर्ज करायचा. चांगुणाबाईंनी ती कवळी ओंजळीत धरली आणि शिडीवरून धावत सुटल्या. सामान घ्यायच्या पट्ट्यापाशी पोहोचून, जिथे जायची त्यांना परवानगीच नव्हती, त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "दात कोनाचं हायत?" दीडशे माणसांनी आपापल्या तोंडाला हात लावला. एका आजोबांनी नुसती मान हलवली, कारण बोलता येत नव्हतं.

त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "मंग म्हाताऱ्यानं च्यार दिस जेवाचा कशानं?" याचं उत्तर ताकिदीत नव्हतं.

पण हे सगळे किस्से मी तुम्हाला मुख्य गोष्टीपासून लांब ठेवण्यासाठी सांगतोय. मुख्य गोष्ट सांगताना माझे तळहात आजही ओले होतात.

मुख्य गोष्ट म्हणजे नाव-हाक. ठेकेदाराने झाडणाऱ्या बायका आणि बॅगा चढवणारे लोडर यांना मिळून एकच गाडी दिली होती. चांगुणाबाई धरून पाच बायका, चार लोडर, एकूण नऊ. लोडरांनी विमानाचं पोट बंद केलं की सगळे एकदम त्या गाडीत बसायचे आणि पुढच्या विमानाला जायचे. लोडर रोज बदलत. आज इकडचा तिकडे, उद्या तिकडचा इकडे. सगळ्यांची जॅकेटं पिवळी, पाठीवर नंबर. मी डोकी मोजायचो. एक, दोन, तीन... नऊ. सही.

चांगुणाबाई मोजायच्या नाहीत. त्या गाडीच्या दारात उभ्या राहून हाका मारायच्या. नवा माणूस आला की आधी त्याचं नाव विचारायच्या, मग आईचं गाव. "बेबी!" "हाय!" "सुनंदा!" "हाय!" "बाळाराम!" "हाय!" प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने 'हाय' म्हटल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवत नसत. वयाने मोठा असो, लहान असो, नुसतं नाव. दादा नाही, ताई नाही. सगळं मिळून चाळीस सेकंद लागत.

कुणाल सरांनी ती चाळीस सेकंदं घड्याळावर पकडली. गुणिले दिवसाला सात विमानं. मला बोलावलं.

"काका, तुम्ही मोजताय ना?"

"हो सर."

"मग ती कशाला हाका मारते? शाळा आहे का? बंद करा. नाहीतर ठेकेदाराला सांगतो, मुकादम बदला."

मी भीत भीत चांगुणाबाईंकडे गेलो. गोमाआजीच्या आगरात, म्हणजे विमानाच्या पंखाखाली, त्या सावलीला उभ्या होत्या. मी वरून आलेला हुकूम सांगितला, आणि मुकादम बदलण्याचंही सांगितलं. त्यांच्या घरात पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी समोर धावपट्टीकडे बोट केलं.

"तिकरं आमचा मिठागर व्हता. मधी खाडी. ओहोटीला आमी बाया चिखलातनं चालत जावाचो, भरतीच्या आत परत यावाचो. माजी मावशी मुकादमीन. ती डोकी मोजाची. एक दिस मोजली, चवदा. बरोबर. निंगालो. पानी कमरंला लागला तवा समाजला, चवदावी बाय दुसऱ्या मिठागराची, सोबत व्हईल म्हनून आमच्यात आल्ती. आमची हौशी मागंच. मिठाच्या राशीमागं पाय मुरगळून बसल्याली."

"मग?"

"मंग काय? भरती कोनासाठी थांबत नाय."

वरून एक विमान उतरत होतं. आम्ही दोघांनीही मान खाली घातली, दोघांचीही ती सवयच होती.

"सायेब, डोका कोनाचा बी चालतो," त्या म्हणाल्या. "नाव दुसऱ्याचा चालत नाय. पन तुमचा हुकूम हाय तं नाय मारत हाका."

त्या दिवसापासून दारातली हाक बंद झाली. पण गाडी चालू झाली की त्या आत पुटपुटत नावं घेऊ लागल्या आणि बायका-लोडर हळूच 'हाय' म्हणू लागले. चालत्या गाडीतली ही कुजबुज घड्याळात येत नव्हती. मला ऐकू यायची. मी ऐकली नाही असं दाखवायचो. माझ्या नोकरीत मी केलेलं एवढंच शौर्य.

आता तो दिवस. एप्रिलची दुपार, दोनचा सुमार. फरशी अशी तापलेली की बुटाचा तळ चिकटत होता. विमान उशिरा आलं होतं आणि तो उशीर भरून काढायचा म्हणजे पंचवीसची वीस करायची. लोडर त्या दिवशी लागोपाठ दुसरी पाळी करत होते, कारण बदली माणसं आलीच नव्हती. विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर रांगत बॅगा रचाव्या लागतात. बाहेर चाळीस असेल तर आत किती असेल, हे मोजायला कुणी यंत्र ठेवत नाही.

बाळाराम आत रचत होता. चाळिशीचा, करंज्याकडचा, फारसं न बोलणारा गडी. बाकीचे तिघे बाहेरून बॅगा देत होते.

प्रवासी चढले. शिडी निघाली. पोट बंद झालं. सगळे गाडीकडे पळाले. त्याच वेळी पाण्याच्या टाकीचा ड्रायव्हर, ज्याची गाडी पलीकडे बंद पडली होती, तोही आमच्या गाडीत घुसला. त्याचंही जॅकेट पिवळं. मी दारातून डोकी मोजली. नऊ. सही केली. वॉकीवर म्हटलं, "खाली मोकळं," आणि ड्रायव्हरशेजारी बसलो.

गाडी हलली. मागे पुटपुट सुरू झाली.

"बेबी." "हाय." "सुनंदा." "हाय." "शेवंती." "हाय." "रखमा." "हाय." "जनार्दन." "हाय." "तुकाराम." "हाय." "हसन." "हाय." "बाळाराम."

टायरांचा आवाज.

"बाळाराम."

मी मागे वळून बघितलं नाही. माझी मान वळेना. कारण मला एका क्षणात सगळं कळलं होतं, आणि मला ते कळायला नको होतं. माझी सही त्या कागदावर वाळली होती.

"बाळाराऽऽम!" आता तो खाडीवरचा आवाज होता. "आरं गाडी थांबव! थांबव, जल्ल्या मेल्या!"

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, इथं थांबायला बंदी हाय."

दार सरकल्याचा आवाज आला. चालत्या गाडीतून पंचावन्न उलटलेली बाई उतरली. उतरताना शिडी झाडायचे लांब दांड्याचे दोन झाडू तिने उचलले होते.

विमानाच्या नाकाला ट्रॅक्टर लागला होता. विमान मागे ढकलायला सुरुवात व्हायचीच होती. चांगुणाबाई त्या ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. विमान थांबवणारे लोक डोक्यावर दोन काठ्यांची फुली करतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी दोन झाडूंची फुली केली. वर विमानाच्या काचेत वैमानिकाचा चेहरा. खाली चांगुणाबाई. विमानाला इतकं घाबरणारी बाई विमानाच्या तोंडासमोर, आणि तिचे दोन्ही पाय इतके थरथरत होते की ते मला गाडीतून दिसत होतं. झाडू मात्र हलत नव्हते.

ट्रॅक्टर थांबला.

मी उतरलो. धावलो म्हणत नाही, पाय आपोआप गेले. सगळे ओरडत होते. ही कोण, हिला बाजूला घ्या, वेडी आहे का. त्या एकच बोलत होत्या, "पोट उघडा. माजा मानूस आत हाय." जनार्दनने कुणाच्या परवानगीची वाट न बघता पोटाचं दार उघडलं. आत बॅगांची भिंत. तिच्यातून गरम वाफ अंगावर आली.

चांगुणाबाईंनी त्या अंधारात तोंड घातलं. "बाळाराऽऽम!"

काही नाही. त्या पोटात वर गेल्यावर हवा असते की नसते, थंडी किती पडते, मला काही ठाऊक नव्हतं. आजही मी ते कुणाला विचारलेलं नाही. उत्तर ऐकायचं नाही मला.

"बाळाराम, बोल रं!"

मग आतून, बॅगांच्या मागून, मांजराच्या पिलासारखा आवाज आला.

"हाय."

चांगुणाबाई खाली फरशीवर बसल्या. तापलेल्या फरशीवर, मांडी घालून. झाडू मांडीवर.

बाळाराम जगला. उष्म्याने चक्कर येऊन शेवटच्या रांगेमागे पडला होता; तो उतरला असं समजून बाकीच्यांनी उरलेल्या बॅगा बाहेरूनच कोंबल्या होत्या. दोन दिवस दवाखान्यात राहिला. विमानाला अकरा मिनिटं उशीर झाला.

आणि आता कुणाल सरांसमोर अडचण उभी राहिली. प्रत्येक उशीर कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो, फॉर्मच तसा असतो. सर स्वतःही घाबरलेले होते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या वर कुणीतरी होतं आणि त्याच्या हातातही घड्याळ होतं. चार दिवसांनी कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं की मोजणी नियमाप्रमाणे झाली, ती बरोबर होती, आणि सफाई मुकादम मनाई असलेल्या जागी ट्रॅक्टरसमोर आली. एकही शब्द खोटा नव्हता. नऊ डोकी होतीच की! खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती.

"काका, सही करा. नाहीतर मोजणीचा प्रश्न येतो," सर प्रेमाने म्हणाले.

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिलाय." चष्मा माझ्या नाकावर होता. सरांनी तो पाहिला, आणि मी कागद घडी करून खिशात घातला.

पण चांगुणाबाईंचा पास रद्द व्हायला माझ्या सहीची गरज नव्हती. तो त्याच दुपारी झाला.

पास जमा करायला त्या गेटवर आल्या तेव्हा नऊवारीत होत्या. मी त्यांना नऊवारीत प्रथमच पाहिलं, एकदम दोन इंच उंच वाटल्या. पास खिडकीतून सरकवला, अंगठा दिला. पास आला की नाही ते बघायला सर स्वतः हजर होते आणि त्यांच्या शेजारी मी. जाळीच्या आत आमची गाडी तपासणीसाठी उभी होती, आत सगळी माणसं, तोंडं खाली घातलेली. बाहेर रस्त्यावर रिक्षा थांबली होती.

चांगुणाबाई रिक्षापर्यंत गेल्या. पिशवी आत ठेवली. मग वळल्या.

"बेबी!"

गाडीत हालचाल झाली. "हाय!"

"सुनंदा!" "हाय!" "शेवंती!" "हाय!" "रखमा!" "हाय!" "जनार्दन!" "हाय!" "तुकाराम!" "हाय!" "हसन!" "हाय!" "बाळाराम!"

बाळाराम अजून घरीच होता. बेबी ओरडली, "घरी हाय, बाय! भात खातो!" गाडीत कुणीतरी हसलं आणि हसता हसता रडलं.

संपलं असं मला वाटलं. यादी तेवढीच होती. मी कधी त्या यादीत नव्हतो, मी मोजणारा होतो.

"दिनकर!"

सायेब नाही, काही नाही. नुसतं दिनकर. आई गेल्यापासून मला तशी कुणी हाक मारलेली नव्हती.

माझ्या शेजारी कुणाल सर. माझ्या खिशात तो कागद. मी जमिनीकडे बघितलं. बूट पुसायला हवे होते.

"मावशी, बसताय ना?" रिक्षावाला म्हणाला.

"थांब जरा. मानूस राह्यलाय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. घाई नाही, राग नाही. हा त्यांचा नियमच होता, सगळे बोलल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मला कळलं की मी नाही बोललो तर ही बाई संध्याकाळपर्यंत इथे उभी राहील. सरांनी घड्याळ बघितलं.

"काका?" ते हळूच म्हणाले.

"हाय," मी म्हटलं.

"नाय ऐकू आला!"

"हाऽय!" मी ओरडलो. इतक्या जोरात की गेटवरच्या शिपायाने बंदुकीला हात लावला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी पुढची सगळी कहाणी लिहिलेली होती. मी सध्या पुन्हा जासईला आहे, कंटेनर मोजतो. खिशातल्या कागदावरची सहीची जागा तशीच कोरी राहिली.

चांगुणाबाईंनी एकदा मान हलवली, झालं, सगळी आली, अशी. मग रिक्षाच्या दांडीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उजवा पाय आधी टाकला.